शेजाऱ्याच्या मोबाइलवर दिसणारा भारत

१६ फेब्रुवारी २०२५ रोजी भुवनेश्वरमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या वसतिगृहात नेपाळहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीचा मृतदेह सापडला. एक सहाध्यायी तिला त्रास देत होता आणि तक्रार करूनही कुणी दखल घेतली नाही, असं तिच्या मित्रमैत्रिणींचं म्हणणं होतं. नेपाळी मुलं न्याय मागायला आवारात बसली. दुसऱ्या दिवशी त्यांना वसतिगृह रिकामं करायला सांगण्यात आलं, बसमध्ये भरून कटकच्या रेल्वे स्टेशनवर नेऊन सोडण्यात आलं. अनेकांकडे तिकिटं नव्हती. या सगळ्याच्या आधी आवारात जी वादावादी झाली तिचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. त्यात विद्यापीठाच्या कर्मचारी महिला मुलांना सुनावताना दिसतात. एक म्हणते, आम्ही चाळीस हजार मुलांना फुकट खाऊ घालतो आणि शिकवतो. दुसरी म्हणते, एवढं तर तुमच्या देशाचं बजेटही नसेल.

तो व्हिडिओ काठमांडूत घरोघरी पोचला. नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी फेसबुकवर लिहिलं, दिल्लीच्या दूतावासातले दोन अधिकारी भुवनेश्वरला पाठवले. ओडिशात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना लागणारं ना-हरकत पत्र थांबवण्याचा इशारा नेपाळच्या शिक्षण खात्यानं दिला. विद्यापीठाला माफी मागावी लागली, ओडिशा सरकारनं चौकशी समिती नेमली, काही कर्मचाऱ्यांना अटक झाली. एका आवारात रागाच्या भरात बोललेली दोन वाक्यं दोन दिवसांत दोन देशांमधला प्रश्न बनली होती.

परराष्ट्र धोरणावर आपल्याकडे जी चर्चा होते ती शिखर परिषदा, करार, गळाभेटी आणि शस्त्रखरेदी यांच्याभोवती फिरते. मला वाटतं, आपल्या शेजारी देशांशी असलेल्या संबंधांचं भवितव्य आता बऱ्याच अंशी त्या वसतिगृहासारख्या ठिकाणी ठरतं, आणि तिथे काय बोललं गेलं हे मोबाइलवरून सीमेपलीकडे जातं. सरकारची भाषा आणि देशाचा आवाज या दोन गोष्टी पूर्वी परदेशी माणसाला एकच वाटत, कारण त्याच्यापर्यंत सरकारचीच भाषा पोचे. आता त्याच्यापर्यंत दोन्ही पोचतात आणि दुसरा आवाज कितीतरी मोठा आहे. ही गोष्ट दिल्लीनं, वृत्तवाहिन्यांनी आणि आपण सगळ्यांनी अजून गंभीरपणे घेतलेली नाही.

एका देशाच्या सरकारनं दुसऱ्या देशाच्या सरकारशी बोलणं ही झाली नेहमीची मुत्सद्देगिरी. दुसऱ्या देशातल्या सामान्य माणसांशी बोलणं, त्यांच्या मनात आपल्याविषयी विश्वास तयार करणं याला पब्लिक डिप्लोमसी म्हणतात. हे नाव अमेरिकेत १९६५ मध्ये रुळलं, पण काम त्याहून जुनं आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात यासाठी वेगळा विभाग २००६ मध्ये आला. २०१० मध्ये या विभागानं ट्विटरवर खातं उघडलं, आणि पुढच्याच वर्षी लिबियात यादवी पेटली तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांशी संपर्क ठेवायला ते खातं उपयोगी पडलं. म्हणजे समाजमाध्यमं आपल्या मुत्सद्द्यांनी उशिरा हाती घेतली, असं म्हणता येणार नाही. ती वेळेवर घेतली. मधल्या काळात बदललं ते हे की, ही माध्यमं परदेशातल्या माणसाशी बोलण्याऐवजी घरच्या प्रेक्षकाला खूश करण्यासाठी जास्त वापरली जाऊ लागली.

नेपाळचं उदाहरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं, कारण तिथे आपण अगदी वर चढून घसरलो.

ऑगस्ट २०१४ मध्ये नरेंद्र मोदी काठमांडूला गेले. भारतीय पंतप्रधानाचा तो सतरा वर्षांनी झालेला द्विपक्षीय दौरा होता. संविधान सभेपुढे त्यांनी भाषणाची सुरुवात नेपाळीत केली, बुद्ध नेपाळात जन्मले हे ठासून सांगितलं. नेपाळी वर्तमानपत्रं त्या भाषणाच्या प्रेमात पडली होती. पुढे २५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी दुपारी, ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसं गेली. नेपाळचे पंतप्रधान सुशील कोइराला तेव्हा इंडोनेशियाहून परतताना बँकॉकमध्ये होते. भूकंपाची बातमी त्यांना प्रथम मोदींच्या ट्वीटवरून कळल्याचं नेपाळच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं होतं. भारतीय हवाई दलाचं पहिलं विमान बचावपथक घेऊन त्याच दिवशी काठमांडूला उतरलं. ‘ऑपरेशन मैत्री’ हे नाव त्या कामाला शोभणारं होतं. जवानांनी ढिगाऱ्यांतून माणसं काढली, डॉक्टरांनी तंबूत शस्त्रक्रिया केल्या.

या विमानांबरोबर आपले वृत्तवाहिन्यांचे कॅमेरेही गेले. मूल गमावलेल्या बाईसमोर माईक धरून ‘आपको कैसा लग रहा है’ विचारणारे वार्ताहर नेपाळी माणसांनी पाहिले. मदतीच्या हेलिकॉप्टरमधून वार्ताहर फिरताहेत आणि जखमी वाट बघताहेत, हेही पाहिलं. बातम्यांचा सूर असा होता की, नेपाळची सेना, नेपाळचे पोलीस, शेजारच्या घरातली विटा उपसणारी पोरं यांनी जणू काही केलंच नाही. ३ मे रोजी, म्हणजे जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिनाच्या दिवशी, ‘गो होम इंडियन मीडिया’ हा हॅशटॅग नेपाळात आणि भारतातही सगळ्यात वर होता. ज्या देशात आपण आठवडाभर जीव वाचवत होतो त्या देशातल्या लोकांनी आपल्याला घरी जायला सांगितलं. जवानांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. राग होता तो त्यांच्या कामाची जी जाहिरात चालली होती तिचा.

काही महिन्यांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, नेपाळचं नवं संविधान आलं. भारताला लागून असलेल्या सखल प्रदेशातल्या मधेशी लोकांच्या पक्षांनी विरोध केला, सीमेवर मालवाहतूक अडली, पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस मिळेनासा झाला. ही नाकेबंदी आपली नाही, नेपाळमधल्या आंदोलकांची आहे, असं दिल्लीनं पुन्हा पुन्हा सांगितलं. काठमांडूत ते कुणालाही पटलं नाही. न पटण्याची राजकीय कारणं होतीच. पण मे महिन्यातल्या त्या पंधरवड्यानं आपल्यावर विश्वास ठेवायची तयारी आधीच कमी करून ठेवली होती, असं माझं मत आहे. भूकंपानंतर जमा झालेली सगळी सद्भावना त्या हिवाळ्यात चुलीसाठी लाकडं फोडणाऱ्या घरांमध्ये संपली. पुढे २०२० मध्ये लिपुलेख-कालापानीच्या नकाशावरून वाद चालू असताना आपल्या एका वृत्तवाहिनीनं नेपाळचे पंतप्रधान ओली आणि चीनच्या महिला राजदूत यांच्याविषयी अत्यंत असभ्य कार्यक्रम केला. ९ जुलै २०२० रोजी नेपाळच्या केबलचालकांनी दूरदर्शन वगळता सगळ्या भारतीय वृत्तवाहिन्या बंद केल्या. ओलींवर तेव्हा त्यांच्याच पक्षात राजीनाम्याचा दबाव होता. परक्या देशाकडून अपमान झालेला नेता ही भूमिका त्यांना आपण आयती दिली.

नेपाळचा प्रश्न कोकणातल्या माणसाला दूरचा वाटायचं कारण नाही. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागा राखणारे, फवारणी आणि काढणी करणारे गडी मोठ्या संख्येनं नेपाळी आहेत. मिरकरवाड्याच्या जेटीवर लागलेल्या किती नौकांवर नेपाळी खलाशी आहेत, हे कुठल्याही तांडेलाला विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडू पेटलं होतं तेव्हा मी या जेटीवर होतो. ४ सप्टेंबरला ओली सरकारनं फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲपसह सव्वीस समाजमाध्यमं बंद केली, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात पहिल्याच दिवशी एकोणीस जण मेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. त्या दिवसांत संध्याकाळी एका लाँचवर जाळं दुरुस्त करत बसलेले चार खलाशी आळीपाळीनं घरी फोन लावत होते. फोन लागत नव्हता तेव्हा ते बर्फाच्या पेटीवर मोबाइल उभा करून हिंदी बातम्या बघत होते. निवेदक आरडाओरडा करत होता, नेपाळी जनतेला पुन्हा राजा हवा आहे असं सांगत होता. कैलाली जिल्ह्यातला एक विशीतला मुलगा मला म्हणाला, “हमारे गाँव के लड़के भ्रष्टाचार के खिलाफ निकले हैं, साहब. ये लोग अपने मन से बोलते हैं.” मग त्यानं आवाज बंद केला आणि नुसती चित्रं बघत राहिला.

त्या मुलाला हिंदी कळतं. नेपाळात बहुतेकांना कळतं, मालदीवमध्ये, ढाक्यात आणि काबूलमध्येही हिंदी सिनेमामुळे पुष्कळांना कळतं. आपल्या वाहिन्या आपापसांत बोलल्यासारख्या बोलतात, पण त्यांचा प्रेक्षक कधीचाच सीमेपलीकडे गेला आहे. इतर मोठ्या देशांपुढे ही अडचण एवढी नाही. चीनच्या समाजमाध्यमांवर चिनी तरुण शेजाऱ्यांविषयी काय बरळतात, हे व्हिएतनाममधल्या सामान्य माणसाला सहसा कळत नाही. आपलं सगळं उघड्यावर आहे. आणि आता तर मोबाइलमध्येच भाषांतराची सोय आल्यामुळे मराठीत लिहिलेली पोस्टही काठमांडूत वाचता येते.

डिजिटल माध्यमांचा आपण केलेला सर्वांत चांगला उपयोग कोणता, असं विचारलं तर मी सुषमा स्वराज यांचं नाव घेईन. २०१४ ते २०१९ या काळात त्या परराष्ट्रमंत्री होत्या. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमध्ये बॉम्ब पडत असताना ‘ऑपरेशन राहत’मध्ये ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर काढले गेले. ट्विटरवर आलेल्या हाकांनाही त्या काळात उत्तरं मिळत होती. सुषमाजींच्या ट्विटर खात्याकडे लोक पासपोर्ट हरवल्याची, आखातात मालकानं डांबून ठेवल्याची, परदेशात वारलेल्या नातेवाइकाचा देह आणता येत नसल्याची तक्रार घेऊन जात, आणि त्या उत्तर देत. उत्तराखाली दूतावासाचं नाव असे, म्हणजे जबाबदारी नेमकी कुणाची ते सगळ्यांना दिसे. यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी पाकिस्तानी रुग्णांना दिलेल्या वैद्यकीय व्हिसांचं काम. २०१७ मध्ये दोन्ही देशांतलं बोलणं जवळपास थांबलेलं असताना लाहोर-कराचीतली आईबापं आपल्या मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांना ट्वीट करत होती आणि त्यांना व्हिसा मिळत होता. त्या कुटुंबांना, त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना भारत म्हणजे काय हे कुठल्याही प्रचारपटाशिवाय कळलं.

त्यांच्या खात्याचं वैशिष्ट्य हे होतं की ते ऐकायचं. आजची बहुतेक सरकारी खाती फक्त सांगतात. छायाचित्रं टाकतात, दौऱ्याचे व्हिडिओ टाकतात, खाली आलेल्या प्रश्नांकडे कुणी बघत नाही. याच सुषमाजींना जून २०१८ मध्ये लखनौच्या एका पासपोर्ट प्रकरणावरून स्वदेशातल्याच लोकांनी अत्यंत घाणेरड्या भाषेत शिव्या घातल्या. त्यांच्या मृत्यूची इच्छा व्यक्त करण्यापर्यंत काहींची मजल गेली. त्याच माध्यमावर, त्याच खात्याखाली. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांवर आपल्याच माणसांनी केलेला हा हल्ला जग बघत होतं.

मालदीवच्या प्रकरणात हा धोका आणखी स्पष्ट झाला. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, तिथली छायाचित्रं प्रसिद्ध झाली. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर मोदींविषयी आणि भारताविषयी अपमानास्पद मजकूर लिहिला. भारताच्या उच्चायुक्तालयानं माले सरकारपुढे विषय काढला, आणि ७ जानेवारीला तिघांना निलंबित करण्यात आलं. मुत्सद्देगिरीच्या हिशेबानं हा आपला नि:संशय विजय होता, आणि तो कुणावरही आवाज न चढवता मिळालेला होता. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ‘बॉयकॉट मालदीव’ची लाट आली. नट, क्रिकेटपटू त्यात उतरले, एका प्रवास कंपनीनं मालदीवची विमान-आरक्षणं थांबवली, रद्द केलेल्या तिकिटांची छायाचित्रं देशभक्तीचा पुरावा म्हणून फिरू लागली. २०२३ मध्ये मालदीवला सुमारे २ लाख ९ हजार भारतीय गेले होते आणि पर्यटकांत आपला पहिला क्रमांक होता. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ३० हजारांवर आला.

या बहिष्काराचा फटका कुणाला बसला? मालदीवमध्ये काही बेटं बड्या रिसॉर्टांची आहेत आणि काही बेटांवर स्थानिक माणसं राहतात. स्थानिक बेटांवर गेस्टहाउस चालवायला साधारण २००९-१० नंतर परवानगी मिळाली. माफुशीसारख्या बेटावर चार-सहा खोल्यांचं गेस्टहाउस काढणारा माणूस रशियन अब्जाधीशाची वाट बघत नसतो. मुंबई-बंगळुरूहून सुट्टीला आलेलं मध्यमवर्गीय जोडपं हेच त्याचं गिऱ्हाईक. भारताशी चांगले संबंध राहावेत असं ज्याला पोटासाठी वाटत होतं, त्याच माणसाला आपण शिक्षा केली. राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू त्याच आठवड्यात चीनच्या दौऱ्यावर होते. चीननं आणखी पर्यटक पाठवावेत, असं त्यांनी तिथे जाहीरपणे म्हटलं. मायदेशी परतताच, भारतानं दिलेली हेलिकॉप्टरं चालवायला मालदीवमध्ये असलेल्या भारतीय सैनिकांनी १५ मार्चपर्यंत जावं, अशी मागणी आली. सैनिकांना परत पाठवण्याचं आश्वासन त्यांनी निवडणुकीतच दिलेलं होतं, तेव्हा ही मागणी बहिष्कारामुळेच आली असं मी म्हणणार नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या पक्षाला संसदेत प्रचंड बहुमत मिळालं. त्याचीही कारणं अनेक होती. पण ‘भारत हा लहान देशाला धमकावतो’ या त्यांच्या प्रचाराला ऐन निवडणुकीच्या तोंडावर आपण लाखो पोस्टचा पुरावा दिला, हे नाकारता येत नाही.

आणि संबंध सुधारले कसे, तेही पाहण्यासारखं आहे. मे २०२४ पर्यंत सैनिकांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ गेले, हेलिकॉप्टरं तिथेच राहिली. कर्जरोख्यांची मुदत वाढवून दिली. जूनमध्ये मुइझ्झू शपथविधीला दिल्लीत आले. ऑक्टोबरमध्ये ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार झाला. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षदिनी मोदी तिथे प्रमुख पाहुणे होते आणि ४,८५० कोटींचं कर्ज जाहीर झालं. दीड वर्ष अधिकाऱ्यांनी शांतपणे केलेलं हे काम होतं. १९८८ मध्ये बंड मोडायला आपलं सैन्य गेलं, डिसेंबर २०१४ मध्ये मालेचा पाणी शुद्धीकरण प्रकल्प जळाला तेव्हा आपल्या विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचं पाणी नेलं, अशी पुण्याई गाठीला होती म्हणून हे जमलं. ती पुण्याई हॅशटॅगनं कमावलेली नव्हती.

मे २०२५ मध्ये याहून गंभीर काही घडलं. पहलगामच्या हत्याकांडानंतर ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं. त्या दिवसांत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग रोज पत्रकारांसमोर येत होते. मोजके शब्द, नकाशा, लक्ष्यांची नावं, कुठे अतिशयोक्ती नाही. भारताची बाजू इतक्या संयमानं आणि नेटकेपणानं जगापुढे क्वचितच मांडली गेली असेल. ८ मेच्या रात्री मात्र आपल्या अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या, भारतीय फौजा पाकिस्तानी शहरांत शिरल्याच्या बातम्या दिल्या. त्या खोट्या होत्या. पाकिस्तानच्या खोट्या दाव्यांचा पंचनामा करायची वेळ असताना जगातली मोठी वर्तमानपत्रं आपल्या वाहिन्यांच्या खोट्या बातम्यांवर लेख लिहू लागली. मिस्रींच्या खऱ्या माहितीवर त्यामुळे संशयाचं सावट आलं. १० मेला त्यांनी लष्करी कारवाई थांबल्याची घोषणा केली, तेव्हा घरच्याच जमावानं त्यांना गद्दार ठरवलं, त्यांच्या मुलीलाही सोडलं नाही. त्यांना एक्सवरचं (पूर्वीच्या ट्विटरवरचं) आपलं खातं बाहेरच्यांसाठी बंद करावं लागलं. देशाचा सर्वोच्च मुत्सद्दी, देशाच्या निर्णयाची घोषणा केल्याबद्दल, देशातल्याच लोकांमुळे गप्प केला गेला. पब्लिक डिप्लोमसीवर कितीही परिसंवाद घ्या, या एका घटनेपुढे ते फिके आहेत.

मग सरकारनं सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं तीसहून अधिक देशांत पाठवली. हा निर्णय उत्तम होता. सुप्रिया सुळे यांचं शिष्टमंडळ कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला गेलं, श्रीकांत शिंदे यांचं संयुक्त अरब अमिरात, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला. शशी थरूर यांनी कोलंबियात स्पष्ट नाराजी बोलून दाखवल्यावर त्या देशानं पाकिस्तानमधल्या मृतांबद्दलच्या शोकाचं आपलं निवेदन मागे घेतलं. समोरासमोर बसून, समोरच्याचं ऐकून घेऊन, आपली बाजू पुराव्यासह सांगण्याचा हा परिणाम. विरोधी पक्षांची माणसं सरकारची बाजू मांडताहेत यातून लोकशाही म्हणून आपली जी प्रतिमा गेली ती वेगळीच.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. अपमान झाला तर आम्ही गप्प बसायचं का? मुळीच नाही. नागरिकांनी काय विकत घ्यावं आणि कुठे फिरायला जावं, हा त्यांचा हक्क आहे. तुर्कस्ताननं उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं. त्यांनी तोट्याचा विचार करून, स्वतःच्या धंद्यात घेतलेला तो निर्णय होता आणि तो एका सरकारच्या कृतीविरुद्ध होता. माझा विरोध आहे तो एखाद्या देशातल्या सगळ्या माणसांना हिणवण्याला. ‘तुमच्या देशाचं बजेट’ हे वाक्य सरकारला लागत नाही, ते कर्ज काढून मुलीला शिकायला पाठवलेल्या बापाला लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोकशाहीत सरकार वाहिन्यांची आणि नागरिकांची तोंडं कशी बंद करणार? करूच नयेत. सरकारला असा अधिकार दिला तर तो पहिल्यांदा सरकारच्या टीकाकारांवर वापरला जाईल, याविषयी मला शंका नाही. पण गप्प करणं आणि गप्प बसणं यांच्या मधे पुष्कळ जागा आहे. वाहिनी शेजारी देशाच्या पंतप्रधानांविषयी गलिच्छ बोलते तेव्हा ‘हे भारत सरकारचं मत नाही आणि आम्हाला ते मान्य नाही’ एवढं त्याच दिवशी, त्या देशाच्या भाषेत सांगायला कुठल्या कायद्याची गरज आहे? मिस्रींवर शिव्यांचा वर्षाव चालू असताना सनदी अधिकाऱ्यांच्या संघटना त्यांच्या बाजूनं बोलल्या, विरोधी नेतेही बोलले. सरकारमधल्या सर्वोच्च माणसांनी त्याच संध्याकाळी, नाव घेऊन बोलायला हवं होतं. समाजमाध्यमांवरच्या या झुंडींशी राजकीय पक्षांचे प्रचारविभाग किती जवळचं नातं ठेवून असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मालदीवच्या गेस्टहाउसवाल्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच सरकारचं मौन त्याला संमती वाटतं.

दुसऱ्याच्या भाषेत बोलण्याची ताकद काय असते, हे मराठी माणसाला कुणी समजावायला नको, कारण आपण स्वतः त्या प्रयत्नांचे वाचक राहिलो आहोत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांतून तालुक्याच्या गावी यायची. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, पक्की बांधणी, आणि किंमत शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल अशी. बर्फ कधीही न पाहिलेल्या मुलांनी त्या पुस्तकांत स्लेजगाड्या आणि बर्च झाडं पाहिली. त्यातले बहुतेक पुढे कम्युनिस्ट झाले नाहीत, पण रशियाविषयी त्यांच्या मनात जी माया बसली ती १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावरही टिकली. आज बीबीसी मराठीत बातम्या देते. ही सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागे ब्रिटिश सरकारनं बीबीसीच्या जागतिक सेवेसाठी दिलेला पैसा होता. लंडनला मराठी माणसाशी मराठीत बोलावंसं वाटतं आणि त्यासाठी मराठी पत्रकार नेमावेसे वाटतात. आपण नेपाळी माणसाशी नेपाळीत, मालदीवच्या माणसाशी धिवेहीत किती बोलतो?

आकाशवाणीच्या परदेश सेवेनं नेपाळी, सिंहली, दारी, पश्तो, बर्मी अशा कितीतरी भाषांत वर्षानुवर्षं कार्यक्रम केले. काबूलच्या घरांत त्या सेवेचा आवाज ओळखीचा होता. लघुलहरींचा काळ सरला हे खरं. पण ते निवेदक, ते भाषातज्ज्ञ, ती ध्वनिमुद्रणं घेऊन मोबाइलवरची एक दमदार सेवा उभी करायला हवी होती. ती झाली नाही. त्याच काळात भारतीय परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपासच राहिली. एवढ्या मोठ्या देशासाठी ती फारच कमी आहे, असं संसदेच्या स्थायी समितीनं वारंवार बजावलं आहे. काठमांडूच्या दूतावासात रात्री अकरा वाजता नेपाळी फेसबुकवर काय चाललं आहे ते वाचून, सकाळच्या आत नेपाळीत उत्तर देणारी पाच माणसं असावीत, यासाठी लागणारा खर्च एका महोत्सवाच्या मांडवाएवढाही नसेल.

आणि शब्दांच्या मागे कृती टिकायला हवी. २०२१ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डची खोकी निघाली. २० जानेवारीला मालदीव आणि भूतानला, २१ तारखेला नेपाळला दहा लाख डोस भेट म्हणून पोचले. ‘व्हॅक्सिन मैत्री’च्या छायाचित्रांनी आपली समाजमाध्यमं भरून गेली, आणि त्यात गैर काही नव्हतं, तो अभिमानाचाच क्षण होता. नेपाळनं त्यानंतर वीस लाख डोस पैसे देऊन मागवले. त्यातले दहा लाख मिळाले. मग आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि नेपाळातले लाखो वृद्ध पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट बघत राहिले. आपल्या माणसांसाठी लस राखून ठेवणं चूक होतं असं मी म्हणत नाही. तेव्हा स्मशानांत जागा नव्हती. पण पहिल्या खेपेच्या वेळी रोज बोलणारे आपण त्या वाट बघणाऱ्यांशी पुढचे काही महिने काहीच बोललो नाही. उशीर का होतो आहे, किती होईल, त्यांच्यासाठी काय करता येईल, याविषयी त्यांच्या भाषेत एक साधं निवेदनही नाही. चीनच्या लशी तोवर काठमांडूला उतरू लागल्या होत्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काबूल पडलं. पुण्यात तेव्हा अफगाण विद्यार्थी शेकड्यांनी शिकत होते. यातले आणि देशभरातले अनेक जण कोविडमुळे घरी गेलेले होते आणि परतीच्या तयारीत होते. २५ ऑगस्टला आपल्या गृह मंत्रालयानं अफगाण नागरिकांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. सुरक्षेची काळजी समजण्यासारखी होती. पण भारताच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, ज्यांची कागदपत्रं, गुणपत्रिका, वसतिगृहातल्या ट्रंका भारतातच पडून होत्या अशा मुलामुलींची वेगळी छाननी करून त्यांना परत आणता आलं असतं. त्यांनी ईमेल लिहिले, ट्वीट केले. कित्येकांचं शिक्षण अर्धवट राहिलं, मुलींना तर स्वदेशात विद्यापीठाचं दारच बंद झालं. अफगाणिस्तानात आपण संसद भवन बांधून दिलं, धरण बांधलं, रस्ता बांधला. त्या सगळ्याची किंमत ओळखणारी आणि पुढची चाळीस वर्षं भारताविषयी आपुलकीनं बोलणारी पिढी ही होती. राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या अर्जांची छाननी आजही करता येईल. विद्यापीठांकडे त्यांची नावं आहेत, भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडे शिष्यवृत्तीच्या नोंदी आहेत, आणि यातल्या अनेकांचे संदेश अजूनही सरकारी खात्यांच्या पोस्टखाली उत्तराविना पडलेले आहेत.